सरासरी नको, चढउतार सांगा

जुलैत विदर्भातल्या कोणत्याही गावच्या पारावर बसा, पावसाच्या आकड्यावरून वाद ऐकू येतोच. महसूल मंडळाच्या गावी पर्जन्यमापक असतो. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा हिशेब होतो आणि तिथं निघालेला आकडा मंडळातल्या सगळ्या गावांच्या नावावर चढतो. ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, नाही गेला तर नाही. पाऊस मात्र मंडळाची हद्द बघून पडत नाही. नाल्याच्या अलीकडे सोयाबीन पाण्याखाली आणि पलीकडे तुरीच्या तासात धूळ, हे आपल्याकडे नवं नाही. मग कोणीतरी वैतागून म्हणतो, "मशीन तिकडं मंडळाच्या गावात, अन् पाऊस माया वावरात. तुमची सरासरी घेऊन मी काय करू, बावा?"

विश्वाचा अभ्यास करणाऱ्यांचीही तक्रार हीच आहे. सरासरीनं त्यांचंही भागत नाही. त्यांनी त्यावर जो उपाय काढला, तो समजून घ्यायला पावसाचं उदाहरणच सगळ्यात सोयीचं, म्हणून ते जरा पुढे नेऊ.

दोन तालुके घ्या, मनातलेच. प्रत्येकात पाच मंडळं. पहिल्या तालुक्यात एका दिवशी पाऊस झाला ५८, ६२, ६०, ५७ आणि ६३ मिलिमीटर. दुसऱ्यात १४५, १०, ९५, ० आणि ५०. बेरीज दोन्हीकडे ३००, सरासरी दोन्हीकडे ६०. कागदावर दोन्ही तालुके सारखेच भिजले. प्रत्यक्षात पहिल्या तालुक्यात फार तर डवरणी दोन-चार दिवस लांबली असेल. दुसऱ्यात एका मंडळात बांध फुटले आणि एका मंडळात लोक आभाळाकडे बघत बसले.

हा फरक एका आकड्यात धरता येतो. प्रत्येक मंडळाचा पाऊस सरासरीहून किती कमी-जास्त आहे ते काढायचं. त्या फरकांचे वर्ग करायचे, म्हणजे उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्यायचं आणि शेवटी त्याला सरासरी पावसानं भागायचं. अकरावीच्या पोराला जमेल एवढंच गणित आहे. पहिल्या तालुक्याचं उत्तर साधारण ०.०४ येतं, दुसऱ्याचं ०.९०. हा ०.९० लक्षात असू द्या.

यात एक मेख आहे. हा आकडा तुम्ही केवढा तुकडा धरता त्यावर बदलतो. वावरावावरात डबा ठेवून पाऊस मोजला तर चढउतार प्रचंड दिसतील. मंडळं धरली तर थोडे कमी, तालुके धरले तर आणखी कमी. तुकडा मोठा केला की आतले चढउतार एकमेकांत मिसळून दबतात. पण ते किती झपाट्यानं दबतात, यावरून पावसाची जात कळते. मे महिन्यातला गडगडाटी अवकाळी पाऊस दोन-चार कोसांवर बदलतो. तालुक्याच्या सरासरीत तो जवळजवळ नाहीसा होतो. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र आलं की गोंदिया-भंडाऱ्यापासून बुलडाण्यापर्यंत झड लागते, आणि तिचे चढउतार जिल्ह्याएवढा तुकडा घेतला तरी टिकून राहतात. म्हणजे ढग डोळ्यांनी न बघता, नुसती पावसाची नोंदवही चाळून, जाणकार माणूस सांगू शकतो की हा पाऊस कशानं पडला. विश्वशास्त्रज्ञ द्रव्याच्या बाबतीत हेच करतात. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे घेऊन प्रत्येक आकाराला चढउतार किती, याचा ते आलेख काढतात. या आलेखाच्या वळणात विश्व कशाचं बनलं आणि कसं वाढलं याची माहिती दडलेली असते.

आता विश्वाकडे. त्याची सरासरी घनता काढली तर हाती जवळपास काहीच लागत नाही. साधं द्रव्य, म्हणजे ज्याचे आपण, काळी माती आणि सूर्य बनलेलो आहोत ते, साऱ्या विश्वात सारखं पसरून टाकलं तर चार घनमीटर जागेत हायड्रोजनचा एखादा अणू येईल. त्याच्या पाचपटींहून थोडं अधिक कृष्णद्रव्य आहे, ज्याला सगळे डार्क मॅटर म्हणतात. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, पण त्याचं गुरुत्व जाणवतं. दोन्ही धरूनही सरासरी विरळच. आणि या सरासरी जागेत कोणीच राहत नाही. आपण राहतो ते दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, जिथं द्रव्य सरासरीच्या लाखो पटींनी दाटलेलं आहे. दीर्घिकांचे गुच्छ असतात, गुच्छांच्या लांबलचक रांगा असतात, आणि मधे कोट्यवधी प्रकाशवर्षं पसरलेल्या पोकळ्या असतात, जिथं फारसं काही सापडत नाही.

मंडळासारखा इथंही एक ठरावीक तुकडा लागतो. विश्वात कुठंही एक काल्पनिक गोल आखा. त्याची त्रिज्या धरतात सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षं. हा गोल आपल्याभोवती आखला तर आपली आकाशगंगा, २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी आणि आसपासच्या लहानसहान दीर्घिका सगळ्या मधल्या भागात आरामात मावतात. कन्या राशीतला दीर्घिकांचा मोठा गुच्छ साधारण ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तो बाहेर राहतो. असे असंख्य गोल विश्वभर टाकायचे, प्रत्येकातलं द्रव्य मोजायचं आणि वर पावसाचं केलं तेच गणित करायचं. येणाऱ्या आकड्याला सिग्मा-आठ म्हणतात. सिग्मा हे चढउताराचं चिन्ह. आठ आला तो खगोलशास्त्रज्ञांच्या मेगापार्सेक या एककामुळे. विश्व किती वेगानं फुगतंय ते सांगणाऱ्या हबल स्थिरांकाची सवलत धरून गोलाची त्रिज्या त्या एककात आठ भरते. आठच का, यामागं काही गूढ नाही. दीर्घिकांची मोजदाद सुरू झाली तेव्हा एवढ्या गोलात त्यांच्या संख्येचा चढउतार जवळपास एक येत होता, आकडा सोयीचा होता, तो रूढ झाला.

आजच्या विश्वात सिग्मा-आठ साधारण ०.८१ आहे. म्हणजे या मापाच्या गोलांपुरतं बोलायचं तर विश्व आपल्या दुसऱ्या तालुक्यासारखं आहे, पहिल्यासारखं नाही. जाणकारांसाठी इथंच सांगून टाकतो की हा आकडा 'रेषीय' गणितातला असतो. द्रव्य गोळा होताना पुढे जी गुंतागुंत होते ती वगळून तो काढतात, कारण मग वेगवेगळ्या काळांची तुलना सरळ होते. गोल दसपट मोठा घेतला तर हा चढउतार काही शतांशांवर येतो. त्याहून मोठा घेतला तर विश्व पहिल्या तालुक्याहूनही सपाट दिसू लागतं.

नुसता ०.८१ कळून काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की हाच चढउतार विश्वाच्या बालपणीही मोजता येतो. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं ते इतकं तापलेलं होतं की प्रकाश मोकळा फिरूच शकत नव्हता. मग ते निवलं, अणू बनले, प्रकाश सुटला. तो प्रकाश आजही सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो, फक्त विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून ताणून सूक्ष्मलहरी झाला आहे. पेन्झियस आणि विल्सन या दोघांना १९६५ च्या सुमारास तो सापडला. त्याचं आजचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश आहे, आणि ते सगळीकडे जवळजवळ एकच आहे.

या 'जवळजवळ'मध्येच सगळी गोष्ट आहे. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहानं १९९२ मध्ये दाखवलं की या तापमानात जागोजागी फरक आहे, साधारण एक लाखात एक भाग एवढा. जिथं द्रव्य किंचित दाट, तिथलं तापमान वेगळं. विश्वातल्या चढउतारांची सगळ्यात जुनी नोंद ती. या कामासाठी जॉन मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ चं नोबेल मिळालं. पुढे २००१ मध्ये डब्ल्यूमॅप आणि २००९ मध्ये युरोपचा प्लँक उपग्रह गेला. प्लँकनं हा नकाशा इतक्या बारकाईनं काढला की तापमानाच्या बाबतीत त्यात सुधारणेला फार जागा उरलेली नाही.

इथं जरा थांबून हिशेब करण्यासारखा आहे, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा युक्तिवाद इथं आहे. प्रकाश सुटला तेव्हापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट फुगलं. गुरुत्वाचं काम असं की जिथं द्रव्य थोडं जास्त, तिथं आणखी ओढलं जातं आणि चढउतार वाढतो. पण विश्व त्याच वेळी प्रसरण पावत असल्यानं ही वाढ बेताची होते. ढोबळमानानं विश्व जेवढ्या पट फुगेल तेवढ्याच पट चढउतार वाढतो. एक लाखात एक गुणिले ११०० म्हणजे एक टक्का. दीर्घिका बनायला शंभर टक्क्यांच्या घरातला चढउतार लागतो, म्हणजे तिथलं द्रव्य सरासरीच्या निदान दुपटीवर गेलं पाहिजे. या हिशेबानं आज आकाशात एकही दीर्घिका नसायला हवी होती. तारे नाहीत, पृथ्वी नाही, आणि पावसावरून भांडायला आपणही नाही.

मग दीर्घिका आल्या कुठून? सुरुवातीला साधं द्रव्य प्रकाशाशी जखडलेलं होतं. ते गोळा व्हायला लागलं की प्रकाशाचा दाब त्याला उलट ढकलायचा. कृष्णद्रव्याला प्रकाशाशी देणंघेणं नाही. ते आधीपासूनच गोळा होत होतं, आणि त्याचा चढउतार प्रकाशाच्या नकाशात पूर्ण उमटत नाही. प्रकाश सुटला तेव्हा साधं द्रव्य मोकळं झालं आणि कृष्णद्रव्यानं आधीच करून ठेवलेल्या खळग्यांत पडलं. तिथं वाढीला आधीपासून जोर होता. कृष्णद्रव्याचा कण अजून कुठल्याही प्रयोगशाळेत पकडला गेलेला नाही. तरी बहुतेक शास्त्रज्ञ त्याच्यावर भरवसा ठेवतात, त्याची जी मोठी कारणं आहेत त्यांतलं हे एक. नुसत्या चढउतारांच्या हिशेबातून ते निघतं.

प्रकाश आणि द्रव्य जखडलेले असताना त्या ओढाताणीतून ध्वनिलहरी उठल्या. हवेत नव्हे, त्या तापलेल्या वायूत. प्रकाश सुटला तशा त्या जागीच थिजल्या. त्यांचा ठसा दीर्घिकांच्या वाटणीत आजही आहे. कोणतीही दीर्घिका घ्या, तिच्यापासून सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी दीर्घिका सापडण्याची शक्यता अपेक्षेपेक्षा किंचित जास्त असते. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी लाखो दीर्घिका मोजून हा किंचितपणा शोधून काढला. एका दीर्घिकेकडे आयुष्यभर बघत बसलं तरी तो दिसला नसता.

आपले डॉ. जयंत नारळीकर हे महास्फोट सिद्धांताचे आयुष्यभर टीकाकार राहिले, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. विश्वाला सुरुवात नाही, द्रव्य सतत निर्माण होत असतं, अशा मांडणीवर त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केलं. ती मांडणी बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सोडली. त्यामागं एक मोठं कारण म्हणजे सूक्ष्मलहरींचं अस्तित्व आणि पुढे त्यांतल्या चढउतारांचा हा आलेख, ज्यातले ध्वनिलहरींचे उंचवटे तापलेल्या, दाट सुरुवातीच्या विश्वातून सरळ निघतात. पण टीकाकार तगडा असला की सिद्धांताला आपलं म्हणणं आकड्यांत मांडावं लागतं. नारळीकरांचं ते योगदान मला कमी वाटत नाही.

आता कसोटी कशी लागते ते बघू. विश्वाचं आजचं मान्यताप्राप्त प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, सहा आकड्यांवर उभं आहे. साधं द्रव्य किती, कृष्णद्रव्य किती, सुरुवातीचे चढउतार केवढे, तुकड्याच्या आकाराप्रमाणे ते कसे बदलत होते, ध्वनिलहरीच्या पल्ल्याची आकाशातली रुंदी, आणि पहिल्या ताऱ्यांच्या काळाशी जोडलेला एक आकडा. प्लँकच्या नकाशातून हे सहाही ठरतात. मग गुरुत्वाचे नियम लावून १३.८ अब्ज वर्षं पुढे यायचं आणि आज सिग्मा-आठ किती असायला हवा ते सांगायचं. प्लँकच्या २०१८ च्या निकालानुसार तो ०.८११ यायला हवा, इकडंतिकडं ०.००६. हे भाकीत झालं. आता कोणीतरी बालपणाचा नकाशा बाजूला ठेवून आजचं विश्व थेट मोजायचं. आकडे जुळले तर प्रतिरूप टिकलं. नाही जुळले तर मधल्या काळात असं काहीतरी घडलं जे आपल्याला माहीत नाही, किंवा कोणाचं तरी मोजमाप चुकलं.

थेट मोजणं म्हणायला सोपं आहे. द्रव्याचा मोठा भाग दिसतच नाही. दीर्घिका मोजून काम भागेल असं वाटतं, पण दीर्घिका द्रव्याच्या वाटणीशी प्रामाणिक नसतात. त्या दाट जागी जास्तच दाटतात. सगळे पर्जन्यमापक सातपुड्याच्या, मेळघाटाच्या उंच भागांतच बसवले आणि त्यावरून विदर्भाचा पाऊस सांगितला तर जशी फसगत होईल, तशी इथं होते. दीर्घिकांचे मोठे गुच्छ मोजता येतात, कारण चढउतार जेवढे जास्त तेवढे भारी गुच्छ जास्त बनतात. पण गुच्छाचं वजन काढणं अवघड. दीर्घिकांचे वेगही उपयोगी पडतात. दाट भागाकडे त्या किती जोरानं ओढल्या जातात, यावरून वाढ किती वेगानं चालली आहे ते कळतं.

सगळ्यात सरळ मार्ग प्रकाशाच्या वाकण्याचा आहे. गुरुत्व प्रकाशाला वाकवतं. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन यांच्या मोहिमांनी हे दाखवलं. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या सगळ्या द्रव्यातून, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, जातो आणि दर ठिकाणी जरासा वळतो. त्यामुळे दीर्घिकेचा आकार आपल्याला किंचित ताणलेला दिसतो. किंचित म्हणजे एक टक्का किंवा त्याहून कमी. अडचण अशी की दीर्घिका मुळातच गोल नसतात. त्यांचा स्वतःचा लांबटपणा ३० टक्क्यांच्या घरात असतो, आणि तो कोणत्याही दिशेला असू शकतो. एका दीर्घिकेकडे बघून तो एक टक्का कधीच कळणार नाही. पण आकाशाच्या एका तुकड्यातल्या दहा हजार दीर्घिकांच्या आकारांची सरासरी घेतली तर त्यांचे आपापले लांबटपणे एकमेकांना खाऊन टाकतात. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणून ३० टक्क्यांची गडबड ०.३ टक्क्यांवर येते. मग तो एक टक्का डोकं वर काढतो. वाटेत द्रव्य किती गोळा झालं होतं, ते त्यातून वाचता येतं. हे पहिल्यांदा साधलं २००० मध्ये, आणि चार गटांनी ते वेगवेगळं केलं.

म्हणून हे गट मोजदादीचे इतके भुकेले. हवाई बेटांवरची सुबारू दुर्बीण, चिलीमधली डार्क एनर्जी सर्व्हे नावाची मोहीम, युरोपीय गटाची किड्स मोहीम, या सगळ्यांनी आकाशाचे तुकडे वर्षानुवर्षं टिपले. किड्सच्या २०२० च्या निकालात सुमारे एक हजार चौरस अंश आकाशातल्या दोन कोटींहून अधिक दीर्घिका होत्या. डार्क एनर्जी सर्व्हेच्या तीन वर्षांच्या निकालात दहा कोटी.

आणि इथून वादाला तोंड फुटलं. या पद्धतीत सिग्मा-आठ आणि द्रव्याचं एकूण प्रमाण वेगळं काढणं अवघड जातं. जास्त द्रव्य कमी गोळा झालं काय, किंवा कमी द्रव्य जास्त गोळा झालं काय, प्रकाश सारखाच वळतो. म्हणून दोन्हींचा एकत्र आकडा सांगतात, त्याला एस-आठ म्हणतात. प्लँकच्या नकाशावरून एस-आठ ०.८३ यायला हवा होता. किड्सनं मोजला ०.७६. डार्क एनर्जी सर्व्हेनं मोजला ०.७८ च्या जवळपास. सुबारूचाही साधारण तेवढाच. म्हणजे बालपणावरून वाटतं त्यापेक्षा आजचं विश्व थोडं सपाट आहे.

फरक लहान वाटेल, पण किड्सच्या बाबतीत तो तीन सिग्माच्या घरात होता. हा सिग्मा सिग्मा-आठमधला नव्हे, मोजमापातल्या अनिश्चिततेचं ते माप. म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडायची शक्यता तीन-चारशेत एक. भौतिकशास्त्रात यावर शोध जाहीर करत नाहीत, त्याला पाच सिग्मा लागतात. पण झोप उडवायला तीन पुरे. विश्वाचं प्रसरण वाढवणारी कृष्णऊर्जा बदलते आहे का, कृष्णद्रव्य हळूहळू नष्ट होतं का, आइनस्टाइनचा गुरुत्वसिद्धांत मोठ्या अंतरावर अपुरा पडतो का, यावर शोधनिबंधांचा ढीग पडला. बातम्यांत तर 'विश्वाचं प्रतिरूप कोसळलं' इथपर्यंत मजल गेली. ही घाई मला कधीच पटली नाही, कारण साधी स्पष्टीकरणं अजून संपलेली नव्हती. दीर्घिकांच्या मध्यभागची महाकाय कृष्णविवरं वायूला जोरानं बाहेर फेकतात, त्यामुळे लहान अंतरांवर द्रव्य थोडं पसरतं. जवळजवळच्या दीर्घिका मुळातच एका दिशेला कललेल्या असू शकतात, आणि मग तो कल प्रकाशाच्या वाकण्यासारखा भासतो. न्यूट्रिनो नावाचे हलके, वेगवान कण चढउतार थोडे पुसून टाकतात. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे कोट्यवधी दीर्घिकांची अंतरं. प्रत्येकीचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत बारीक फोड, घेणं अशक्य, म्हणून रंगांवरून अंतराचा अदमास घेतात. तिथं थोडं चुकलं की एस-आठ सरकतो.

या लोकांची एक शिस्त सांगण्यासारखी आहे. आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत विश्लेषणात दुरुस्त्या करत राहण्याचा मोह कोणालाही होतो. म्हणून किड्समध्ये माहितीच्या एकाहून अधिक प्रती बनवत. त्यांतली एकच खरी, बाकीच्यांत मुद्दाम फरक केलेला. खरी कोणती, हे विश्लेषण करणाऱ्यांना माहीत नसे. सगळं काम सगळ्या प्रतींवर पूर्ण करायचं, पद्धत गोठवायची, आणि मगच खरी प्रत उघड करायची. उत्तर आवडो न आवडो, तेच छापायचं.

२०२५ मध्ये किड्सनं आपला शेवटचा, संपूर्ण माहितीवरचा निकाल दिला. आकाशाचा तुकडा मोठा होता आणि दीर्घिकांच्या अंतरांची पडताळणी आधीपेक्षा बरीच पक्की होती. एस-आठ आला ०.८१५. प्लँकशी जुळणारा. ज्या गटानं सगळ्यांत मोठा फरक दाखवला होता, त्यांच्याच हातून तो मिटला. त्याआधी २०२३ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या दुर्बिणीनंही, सूक्ष्मलहरींचाच प्रकाश वाटेत किती वाकला ते मोजून, प्लँकशी जुळणारं उत्तर दिलं होतं. आणि २०२४ मध्ये इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीनं गुच्छ मोजून ०.८६ काढला, म्हणजे उलट बाजूला. वाद पूर्ण मिटला असं म्हणता येत नाही. पण विश्व अपेक्षेहून सपाट आहे, हा दावा आता पूर्वीइतका जोरात नाही.

इथं सरस्वतीचा उल्लेख करतो, कारण शाळांत तो हमखास होतो. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांच्या गुच्छांचा एक महागुच्छ शोधला. साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. त्याचं नाव सरस्वती. अभिमानाची गोष्ट आहेच. पण एवढी मोठी वस्तू सापडली म्हणजे सिद्धांत मोडला, असं एकट्या वस्तूवरून ठरत नाही. एका मंडळात १४५ मिलिमीटर पडला म्हणून तालुक्याचा पाऊस कळत नाही, तसंच. अशा वस्तू एकूण किती, किती अंतरावर एक, हे मोजलं तरच तिला अर्थ येतो.

हे वाचून कोणाला आकाशात बघावंसं वाटलं तर आपल्याकडे एक सोय आहे. कृषिपंपाची वीज पाळीनं रात्री असते तेव्हा ओलिताला गेलेल्या माणसाला जे काळंभोर आकाश मिळतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला मिळत नाही. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, रात्री आठ-नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडून बघा. पुसट, लांबट धुरकट ठिपका दिसेल. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ती बहुधा सगळ्यांत दूरची वस्तू. चढउतार मात्र असे डोळ्यांना दिसत नाहीत. देवयानी आणि आपण दोघंही एकाच गोलाच्या मधल्या भागात आहोत, आणि एका गोलावरून चढउतार निघत नाही.

सध्या चर्चेचा जोर वेगळ्या बाजूला आहे. अमेरिकेतल्या किट पीकवर डेसी नावाचं उपकरण चार मीटरच्या दुर्बिणीला जोडलेलं आहे. पाच हजार यांत्रिक हात पाच हजार प्रकाशतंतू हलवून एका वेळी तेवढ्या वस्तूंचे वर्णपट घेतात. त्यांनी ध्वनिलहरीचा तो ४९ कोटी प्रकाशवर्षांचा ठसा वेगवेगळ्या काळांत मोजला. २०२४ आणि २०२५ च्या निकालांत, इतर मोजमापांशी मिळून, असं सूचित झालं की विश्वाचं प्रसरण वाढवणारी कृष्णऊर्जा कायम सारखी नसावी, अलीकडच्या काळात ती मंदावत असावी. हा पुरावा अजून पाच सिग्मापर्यंत पोचलेला नाही.

इथं चढउतार पुन्हा कामाला येतात. प्रसरणाचा एकच इतिहास दोन वेगळ्या कारणांनी घडू शकतो. कृष्णऊर्जा बदलत असेल, किंवा गुरुत्वाचा नियमच मोठ्या अंतरावर वेगळा असेल. नुसतं प्रसरण बघून दोन्हींत फरक करता येत नाही. पण द्रव्य गोळा होण्याचा वेग दोन्हींत सारखा राहीलच असं नाही. त्यासाठी आजचा एक सिग्मा-आठ पुरत नाही. ५ अब्ज वर्षांपूर्वी तो किती होता, ८ अब्ज वर्षांपूर्वी किती, अशी काळागणिक यादी लागते. १ जुलै २०२३ ला सोडलेला युरोपचा युक्लिड उपग्रह अब्जाहून अधिक दीर्घिकांचे आकार टिपायला निघाला आहे. चिलीमधल्या वेरा रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं दाखवली. कृष्णद्रव्याचा भक्कम पुरावा दीर्घिकांच्या फिरण्यातून ज्या शास्त्रज्ञ बाईंनी दिला, तिला त्यांचंच नाव आहे. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि ती दहा वर्षं दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. त्या यादीतल्या एकेका ओळीला किती अचूकता मिळते, यावर कृष्णऊर्जा बदलते की नाही या प्रश्नाचा निकाल बऱ्याच अंशी अवलंबून राहील.